कान वाजतोय, आणि आपण सारखा कानोसा घेतोय

आधीच सांगून ठेवते, हे वाचताना तुमचा कान वाजायला लागला तर घाबरू नका. टिनिटस असलेल्या माणसाने टिनिटसवर काही वाचायला घेतलं की दुसऱ्या तिसऱ्या ओळीलाच तो आवाज वर येतो, आणि ज्याला कधी नव्हता तोसुद्धा क्षणभर थांबून ऐकून बघतो की माझ्या कानात आहे का काही. बरेचदा सापडतं पण काहीतरी, बारीकसं, सुईच्या टोकाएवढं. मग पाच मिनिटांत तो माणूस ते विसरून पण जातो. आवाज असा सापडणं आणि असा हरवणं, यातच या विषयाची सगळी मेख आहे.

टिनिटस म्हणजे बाहेर कुठे काही वाजत नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणं. जुना शब्द कर्णनाद, बोलताना आपण सरळ "कान वाजतोय" म्हणतो. कुणाला शिट्टी, कुणाला ट्यूबलाईटची गुणगुण, कुणाला वाफ सुटल्यासारखं. मला उजव्या कानात रातकिडा आहे, एकच, आणि तो श्वास घ्यायला पण थांबत नाही. २०२२ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून जो अंदाज काढला त्यात असं आलं की मोठ्या माणसांपैकी साधारण १४ टक्के लोकांना हा अनुभव येतो, म्हणजे ७४ कोटींहून जास्त माणसं, पण ज्यांना तो गंभीर स्वरूपात आहे असे लोक २ टक्क्यांच्या आसपास. आता हा १४ आणि २ मधला फरक बघा. शंभरातल्या चौदा जणांना आवाज आहे, त्यातल्या दोघांना तो जगू देत नाहीये, मग बाकीच्या बारा जणांचं काय वेगळं आहे? आपण पटकन म्हणतो की त्यांचा आवाज बारीक असणार. मीही तेच म्हणायचे, थोड्या रागानेच म्हणायचे.

पण तसं निघत नाही. कानाच्या तपासणीत हेडफोन लावून एक सूर वाजवतात आणि विचारतात, तुमचा आवाज एवढा आहे का, वाढवू का, कमी करू का. असं जुळवत नेलं की बहुतेकांचा आवाज, तो सूर जेमतेम ऐकू येतो त्या पातळीच्या फक्त ५ ते १० डेसिबल वर निघतो. म्हणजे अगदी थोडा. आणि हा मोजलेला आवाज आणि माणसाने सांगितलेला त्रास यांचा मेळ फारच कमी बसतो. माझा आकडा ऐकून मला खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटलं, एवढ्याशा आवाजासाठी मी रात्र रात्र जागी? मग मशीन चुकलंय असं ठरवून मी घरी आले.

मशीन चुकलं नव्हतं. आवाज येतो कुठून ते आधी बघू, म्हणजे पुढचं नीट कळेल. कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो, त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी, त्या ध्वनीची थरथर पकडून मेंदूकडे पाठवतात. वय, मोठे आवाज, काही औषधं यांनी त्या मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. सहसा वरच्या पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून खूप जणांना ऐकू येणारा टिनिटसही वरच्याच पट्टीतला. आता मेंदूला त्या पट्टीतून माल येईनासा झाला की तो काय करतो, तर स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण बटण पिळत जातो आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी होते ना, तसं. २०१२ मध्ये एक प्रयोग झाला होता, १८ निरोगी लोकांना एका कानात आठवडाभर इअरप्लग घालून राहायला सांगितलं, त्यातल्या १४ जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि प्लग काढल्यावर ते गेले. कानाला काहीच इजा नाही, फक्त मेंदूला कमी ऐकू आलं एवढंच. आणि उलट बाजूने बघायचं तर, कानाजवळची गाठ काढताना ज्यांची ऐकण्याची नसच कापावी लागते त्यातल्या बऱ्याच जणांचा टिनिटस ऑपरेशननंतरही सुरूच राहतो. सुरुवात कानातून होत असेल, पण एकदा बसला की तो मेंदूच्या घरातला भाडेकरू आहे.

आणि मेंदूत बसलाय म्हटल्यावर लक्षाचा प्रश्न येतो.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकण्याची काही तक्रार नसलेल्या ८० लोकांना एकेकट्याने आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहा म्हणाले. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज लिहिला. गुणगुण, भणभण, शिट्टी वगैरे. खोलीत अर्थातच काही नव्हतं. म्हणजे मेंदूची आतली खरखर जवळपास सगळ्यांनाच आहे, रोजच्या गोंगाटात ती वर येत नाही इतकंच.

माझा आवडता प्रयोग मात्र याच्या पुढचा आहे, २००८ मधला, ब्राझीलमध्ये झालेला. त्यांनी ऐकू नीट येणारे ६६ लोक घेतले आणि शांत बूथमध्ये बसवलं, पण तीन वेगवेगळ्या पद्धतीने. एकदा सांगितलं की ऐकण्याकडे लक्ष द्या, एकदा डोळ्यासमोरच्या गोष्टीकडे लक्ष द्या, आणि एकदा चकत्यांचं ते डोकं खाणारं कोडं सोडवायला दिलं ज्यात चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर न्यायच्या पण मोठी लहानावर ठेवायची नाही. ऐकायला सांगितलं तेव्हा ६८ टक्के लोकांना कानात आवाज सापडला, बघायला सांगितलं तेव्हा ४५ टक्क्यांच्या आसपास, आणि कोडं सोडवताना फक्त २० टक्क्यांच्या आसपास. तेच लोक, तेच कान, तीच शांतता. बदललं काय तर लक्ष कुठे बांधलं होतं ते.

आता इथे कुणीतरी म्हणणार की बघ, मी सांगत नव्हतो का, मनाचे खेळ आहेत, लक्ष नको देऊस. थांबा. हा सगळ्यात निरुपयोगी सल्ला आहे आणि तो मला घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी दिलाय. एका डॉक्टरांनी ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा, कागद माझ्याकडे सरकवत म्हटलं, "याला काही इलाज नाही, सवय करून घ्या," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तांत्रिकदृष्ट्या बोलले ते फार चुकीचं नव्हतं. पण सवय कशी करतात ते कुणी सांगत नाही, आणि "इलाज नाही" हे शब्द मात्र डोक्यात असे बसले की त्या रात्रीपासून आवाज दुप्पट झाला.

तो का दुप्पट झाला असेल, ते बघण्यासारखं आहे. मेंदूला दिवसभरात जे काही ऐकू येतं, दिसतं, टोचतं, त्यातलं बहुतेक तो आपल्यापर्यंत येऊच देत नाही. दारावर एक पहारेकरी बसलाय असं समजा. पंख्याचा आवाज? जाऊ दे. घड्याळाचा पट्टा मनगटाला लागतोय? सोड. पण गर्दीत चार लोक बोलत असताना लांबून कुणी आपलं नाव घेतलं की कान टवकारतात, कारण ते नाव पहारेकऱ्याच्या यादीत आहे. तान्ह्या बाळाची आई ढगांच्या गडगडाटात झोपते आणि बाळाच्या कुरकुरीने उठते, तेही तसंच. म्हणजे आवाज किती मोठा आहे यावर काही ठरत नाही, तो महत्त्वाचा आहे का यावर ठरतं. आणि महत्त्वाचा म्हणजे प्रेमाचाच असं नाही. धोक्याचा असला तर यादीत सगळ्यात वर.

टिनिटस पहिल्यांदा येतो तेव्हा नेमकं हेच होतं. नवीन आवाज, कारण कळत नाही, बंद होत नाही, मग डोक्यात येतं की बहिरी होणार का, डोक्यात गाठ असेल का, आयुष्यभर असंच राहणार का. भीती वाटली की शरीर सावध होतं, छाती धडधडते, झोप उडते, आणि सावध शरीराचे कान जास्त तीक्ष्ण होतात, ते त्या आवाजाला अजून बारकाईने पकडतात, तो अजून स्पष्ट ऐकू आला म्हणून भीती अजून वाढते. १९९० मध्ये यास्ट्रेबॉफ नावाच्या संशोधकाने हे चक्र पहिल्यांदा नीट मांडलं, की त्रास ऐकण्याच्या यंत्रणेत कमी आणि तिला जोडलेल्या भीतीच्या आणि सावधपणाच्या यंत्रणेत जास्त तयार होतो. बाकीच्या त्या बारा जणांच्या पहारेकऱ्याने आवाज बघितला, ओळखला, आणि "हं, हा रोजचाच" म्हणून सोडून दिला. माझा पहारेकरी रोज रात्री त्याला पकडून माझ्यासमोर उभा करत होता.

आणि मी त्याला तसं करायला लावत होते, हे मला सहा महिन्यांनी कळलं. माझ्याकडे एक वही होती. डॉक्टरी शिस्तीने ठेवलेली, तारीख, सकाळचा आवाज १० पैकी किती, संध्याकाळचा किती, काय खाल्लं, किती झोपले. मला वाटायचं यातून कारण सापडेल. आता ६ की ७ ते लिहायचं म्हणजे दोन मिनिटं गप्प बसून नीट ऐकावं लागायचं, कालच्यापेक्षा जास्त आहे का ते आठवावं लागायचं. शिवाय वहीबाहेरचं वेगळंच. फ्रिज चालू असताना ऐकू येतो का, बंद झाला की किती वाढतो, उशीवर उजवा कान दाबला तर काय होतं, बोट घालून बघितलं तर काय. दात घट्ट आवळले की सूर थोडा चढतो हे कळल्यावर तर मी दिवसातून वीसदा दात आवळून बघायचे. (ते बऱ्याच जणांना होतं बरं का, जबड्याच्या आणि मानेच्या नसा ऐकण्याच्या वाटेला जाऊन मिळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.)

नंतर ज्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेले तिने वही चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "मॅडम, दिवसातनं किती वेळा बघता हो, आवाज आहे का गेला ते?"

मी म्हटलं, "बघत नाही, तो येतोच ऐकू."

"सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं काय करता?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायची लाज वाटली. डोळे उघडायच्या आधीच मी कानोसा घ्यायचे. आहे का? आहे. संपलं, दिवस खराब.

आपल्या भाषेत हा शब्द किती नेमका आहे बघा, कानोसा घेणं. नुसतं ऐकणं नाही, दाराला कान लावून, श्वास रोखून, काहीतरी वाईट ऐकू येईल या तयारीने ऐकणं. माझं तरी मत असं झालंय की टिनिटसमध्ये माणूस थकतो तो निम्माअधिक या कानोशाने थकतो. आणि "लक्ष देऊ नकोस" हा सल्ला फसतो तोही इथेच, कारण लक्ष दिलं जात नाहीये ना हे तपासायला परत कानोसाच घ्यावा लागतो. १९८७ मध्ये वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं आणि विचार आला की घंटी वाजवा म्हणाला, तर घंट्या वाजतच राहिल्या. अस्वल मनात नाहीये ना हे बघायला मनाला अस्वल आठवावंच लागतं.

मग करायचं काय? इथे मला दोन साध्या मराठी क्रियापदांनी फार मदत केली, जाणवणं आणि लक्ष घालणं. आत्ता तुमचा डावा तळपाय जमिनीला किंवा चपलेला टेकलाय तिथे काय वाटतंय बघा. जाणवलं ना? एका मिनिटापूर्वीही तेच सगळं तिथे होतं. आता पुढचं वाक्य वाचताना तुम्ही तळपायाला हाकलून देणार नाही, त्याच्याशी भांडणार नाही, तो अजून जाणवतोय का म्हणून तपासणार नाही, आणि म्हणूनच तो आपोआप मागे सरकेल. टिनिटससोबत शिकायचं ते एवढंच. ऐकायला सोपं आहे, करायला मला वर्ष लागलं.

माइंडफुलनेस हा शब्द आजकाल इतका घासून गुळगुळीत झालाय की मला तो लिहायलाही नको वाटतं, पण टिनिटसमध्ये त्याचा उपयोग नीट तपासला गेलाय. लंडनमध्ये ७५ पेशंट घेऊन, एका गटाला माइंडफुलनेसवर आधारलेली थेरपी आणि दुसऱ्याला रिलॅक्सेशन शिकवून तुलना केली, ती २०१७ मध्ये छापून आली. दोन्ही गटांना फरक पडला, पहिल्याला जास्त, आणि सहा महिन्यांनंतरही टिकला. गंमत म्हणजे त्यात आवाजापासून लक्ष काढायला शिकवत नाहीत. उलट आवाज येऊ दे म्हणतात, श्वास आहे, पाठीला खुर्ची आहे, बाहेर गाडी गेली, कानात सूर आहे, सगळं एकाच चटईवर बसू दे. माझ्या मते कानोशाला तोड म्हणून हे काम करतं, कारण दाराला कान लावून बसलेल्या माणसाला कुणीतरी दारच उघडून दिलं तर तो कशाला कान लावणार. पहिले दोन आठवडे आवाज वाढल्यासारखा वाटतो हे मात्र मी माझ्या अनुभवावरून सांगते, मी तेव्हा सोडून देणार होते.

दुसरी पद्धत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांच्यावर काम करणारी थेरपी. "हा आवाज मला वेडं करणार" हे वाक्य मनात किती वेळा येतं, ते खरं आहे का, आवाजाच्या भीतीने मी काय काय करायचं सोडलंय, असं एकेक उलगडत जायचं. २०२० मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २८ अभ्यास आणि २७३३ लोकांचा आढावा घेतला, त्यात टिनिटसचा जगण्यावर होणारा परिणाम सीबीटीने कमी होऊ शकतो असं आलं. परिणाम, आवाज नव्हे. हा फरक आधी कळला नाही तर माणूस चार सेशननंतर कानोसा घेतो, आवाज तेवढाच असतो, आणि थेरपी फुकट गेली म्हणून घरी बसतो.

शांततेबद्दल. कान वाजणाऱ्या माणसाने पूर्ण शांतता शोधू नये, सुरुवातीला तरी. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती डोळ्यात भरते, दिवसा उजेडी तीच मेणबत्ती शोधावी लागते. खोलीत हलका आवाज असू दे, पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, काहीही कंटाळवाणं. टिनिटस पूर्ण झाकेल इतका मोठा मात्र नको, थोडा खाली, दोन्ही एकमेकांत मिसळतील असा, कारण जे ऐकूच येत नाही त्याची सवय कशी होणार. हा नियम दिवसाचा, रात्री तीन वाजता जे चालेल ते चालेल, उगाच तत्त्वाला धरून जागं राहू नये. आणि ऐकू कमी येत असेल तर हिअरिंग एड टाळू नका, मेंदूला हरवलेला माल परत मिळायला लागला की खूप जणांना आवाजही कमी जाणवतो. साध्या रोजच्या आवाजांच्या भीतीने दिवसभर इअरप्लग घालून फिरणारे लोक मी बघितलेत, त्यांना तो वरचा आठवडाभराचा प्रयोग वाचायला द्यावा. मोठ्या स्पीकरसमोर, ड्रिल मशीनजवळ प्लग हवाच, तिथे चर्चा नको.

गोळ्यांचं थोडक्यात. अमेरिकेतल्या कान नाक घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मार्गदर्शिका काढली त्यात गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) यांची टिनिटससाठी शिफारस करू नये असं स्पष्ट आहे आणि सीबीटीची शिफारस आहे. नेटवर मात्र बरोबर उलटं विकलं जातं.

आणि हे सगळं लक्षाचं पुराण सुरू करायच्या आधी एकदा तपासणी हवी, ती टाळायला हा लेख वापरू नका. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक असा येत असेल, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याचा एक भाग कमजोर वाटत असेल, तर लवकर दाखवा. आणि एका कानाला अचानक, एक दोन दिवसात ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी, कारण तिथे औषधाला जितका उशीर तितका फायदा कमी. माझा एकाच कानात असल्यामुळे माझाही एमआरआय झाला, त्यात काही निघालं नाही, आणि पहारेकऱ्याच्या यादीतून "गाठ असेल का" ही ओळ तेव्हाच खोडली गेली. रिपोर्टचा तो उपयोग फार मोठा.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही हेही सांगायला हवं. सर्दी झाली, झोप झाली नाही, कामाचं टेन्शन आलं की रातकिडा परत पुढच्या रांगेत येऊन बसतो आणि आपल्याला वाटतं सगळी मेहनत पाण्यात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी ती जुनी वही शोधून काढली होती, परत आकडे लिहायला. शेवटची तारीख बघितली तर चार महिन्यांपूर्वीची, आणि त्याच्या आधीच्या पानांवर मध्येच पाच पाच, आठ आठ दिवस कोरे. बंद करायचं असं मी कधी ठरवलंच नव्हतं. लिहायचं राहूनच गेलं होतं.

हा लेख लिहायला चार दिवस लागले आणि चारही दिवस आवाज जोरात आहे, साहजिकच आहे, दिवसभर त्याचंच नाव काढतेय. काल संध्याकाळी तो चकत्यांच्या कोड्याचा भाग लिहिताना वाक्य काही केल्या जुळेना, तासभर तेच खोडत बसले, आणि चहाला उठताना लक्षात आलं की या तासाभरात कानात काहीच नव्हतं. लक्षात आलं, आणि लगेच आला.